गाडीला बाजूला सरता येत नाही

माउलींची पालखी पुणं सोडून सासवडच्या वाटेला लागली, की दिवे घाटातला रस्ता दिसेनासा होतो. वर पाहावं तर माणसं, खाली पाहावं तर माणसं. अशात मागून ॲम्ब्युलन्सचा भोंगा ऐकू आला, तर नवख्याला वाटेल की ही आता इथेच अडकणार. तसं होत नाही. मागच्या दिंडीतून पुढच्या दिंडीत हाक जाते, कडेच्या बायका डोक्यावरची तुळस सावरत दोन पावलं सरकतात, मधली माणसं त्यांना चिकटतात, आणि शिवण उसवावी तशी गर्दी मधोमध उघडते. ॲम्ब्युलन्स गेली की तिच्या मागे पुन्हा शिवली जाते. विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावरही हेच घडतं. त्याचे व्हिडिओ आपण दरवर्षी एकमेकांना पाठवतो.

तीच ॲम्ब्युलन्स संध्याकाळी सात वाजता हडपसरच्या चौकात आली, की तिथेच उभी राहते. भोंगा वाजत राहतो. पुढचा रिक्षावाला मान बाहेर काढून मागे बघतो, त्याच्या पुढचा मोटारवाला आरशात बघतो, आणि कुणीच हलत नाही. यावरून आपण झटकन ठरवून टाकतो की वारीत माणुसकी उरली आहे आणि रस्त्यावर ती संपली. मला हे पटत नाही. वारीत चालणारा आणि हडपसरला क्लचवर पाय दाबून बसलेला पुष्कळदा एकच माणूस असतो. त्याचं मन तेच असतं, फरक पायांचा असतो. माणसाला कडेला पाऊल टाकता येतं. चाकाला येत नाही.

हे इतकं उघड आहे, की गाडी चालवायला शिकवताना कुणी सांगतच नाही. मोटारीला एक मीटर डावीकडे जायचं असेल तर आधी पुढे जावं लागतं: चाकं डावीकडे वळवायची, थोडं पुढे, मग उजवीकडे वळवून सरळ करायची. साध्या मोटारीचं स्टिअरिंग पूर्ण वळवलं तरी या एक मीटरसाठी पुढे साधारण साडेचार मीटर मोकळे लागतात. म्हणजे जवळजवळ एका मोटारीची लांबी. पुढच्या गाडीच्या बंपरला नाक लावून उभ्या असलेल्या माणसाकडे ते साडेचार मीटर नसतात. भोंगा ऐकून त्याचा जीव कितीही तुटला तरी तो मागच्या आरशात बघत बसण्यापलीकडे काही करू शकत नाही. वाट करून देण्याचा निर्णय त्याने दोन मिनिटांपूर्वीच, पुढच्या गाडीला चिकटताना, नकळत घेऊन टाकलेला असतो.

म्हणून या प्रकरणातला सगळ्यात कामाचा सल्ला भोंगा वाजण्याआधीचा आहे. सिग्नलला किंवा कोंडीत थांबताना पुढच्या गाडीची मागची चाकं जिथे रस्त्याला टेकतात ती जागा तुम्हाला तुमच्या बॉनेटवरून दिसली पाहिजे. तेवढं अंतर असलं, की रिव्हर्स न घेता त्या गाडीच्या बगलेतून बाहेर पडता येतं. पुढची गाडी बंद पडली तरी हेच अंतर उपयोगी येतं. आता तुम्ही म्हणाल, एवढी जागा सोडली तर तिथे दुचाकी घुसते. घुसतेच. पण भोंगा वाजला की ती दुचाकी सगळ्यात आधी निघूनही जाते, आणि जागा पुन्हा तुमची होते.

भोंगा हे प्रकरण मोठं फसवं आहे. बाहेर उभ्या माणसाला तो कर्कश वाटतो, पण काचा बंद, एसीचा पंखा तिसऱ्यावर आणि गाणी चालू असलेल्या मोटारीत त्यातलं फार थोडं पोहोचतं. आवाजाचं गणितही आपल्या बाजूचं नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. समजा, बंद काचांमागे तुम्हाला तो साठ मीटरवर ऐकू आला आणि ॲम्ब्युलन्स तुमच्यापेक्षा ताशी ४० किलोमीटरने जास्त वेगात आहे. सेकंदाला अकरा मीटर. तुमच्या हातात साडेपाच सेकंद उरतात, आणि त्यातले दोन-तीन ‘कुठून येतोय?’ यातच जातात.

तो ‘कुठून’ कळत नाही यात तुमच्या कानांचा दोष नाही. आवाज डावीकडून आला की डाव्या कानाला उजव्यापेक्षा किंचित आधी पोहोचतो. हा फरक जास्तीत जास्त एका मिलिसेकंदाच्या पाऊण भागाहूनही कमी असतो, पण मेंदू तेवढ्यावर दिशा ओळखतो. बंद मोटारीत आवाज काचेतून, पत्र्यातून, छतातून असा चारी बाजूंनी झिरपतो आणि हा नाजूक हिशेब बिघडतो. त्यात रस्त्याच्या दोन्ही अंगांना उंच इमारती असल्या तर प्रतिध्वनी मूळ आवाजावर चढतो. एक खूण मात्र भरवशाची आहे. ख्रिस्तियन डॉपलरने १८४२ मध्ये मांडलेला नियम इथे रस्त्यावर भेटतो: जवळ येणाऱ्या भोंग्याची पट्टी चढी लागते, दूर जाणाऱ्याची उतरी. आवाज वाढत वाढत एकदम खाली उतरला तर ॲम्ब्युलन्स शेजारच्या रस्त्याने निघून गेली असं समजायचं. बाकी वेळी कानांपेक्षा आरशांवर विसंबावं. समोरून उलटी लिहिलेली इंग्रजी अक्षरं त्या आरशासाठीच असतात.

दिसली, आता काय? पुष्कळ जण इथे घाबरून जागच्या जागी ब्रेक मारतात. इतकं वाईट दुसरं काही नाही, कारण तुमच्या मागे ती येते आहे आणि तुम्ही तिच्या वाटेत गाडी उभी केलीत. आधी इंडिकेटर द्यावा, मग वेग हळूहळू कमी करत बाजूला जावं. ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरला तुमच्या सौजन्यापेक्षा तुमचा अंदाज यायला हवा असतो. तुम्ही डावीकडे जाणार आहात हे त्याला दिसलं, की तो न थांबता उजवीकडून निघतो. तुम्ही आधी उजवीकडे, मग विचार बदलून डावीकडे गेलात, की त्याला पाय ब्रेकवर न्यावा लागतो.

आपल्याकडचा नियम बाजूला होऊन वाट द्या एवढं सांगतो, आणि डावीकडून वाहतूक चालणाऱ्या देशात त्याचा साधा अर्थ डावीकडे व्हा असा होतो. दुपदरी रस्त्यावर तो पुरतो. तीन-चार पदरी कोंडीत उजव्या कडेच्या माणसाने डावीकडे व्हायचं ठरवलं तर तो मधल्या सगळ्यांना आडवा जातो. जर्मनीने यावर एक सोपी युक्ती कायद्यातच घालून ठेवली आहे. महामार्गावर वाहतूक मंदावली, की भोंग्याची वाट न पाहता डिव्हायडरलगतच्या पदरातल्या गाड्या डिव्हायडरकडे सरकतात, बाकी सगळ्या पदरांतल्या उलट कडेला, आणि मध्ये एक गल्ली मोकळी राहते. तिकडे वाहतूक उजवीकडून चालते, त्यामुळे आपल्याला हे चित्र आरशात पाहावं लागेल: उजव्या कडेचे उजवीकडे, बाकीचे डावीकडे. दिंडी उघडते तशीच. वारकऱ्यांना हे जर्मनांकडून शिकावं लागलं नाही, ही गोष्ट वेगळी.

सिग्नलला सगळ्यात पुढे उभ्या असलेल्या माणसाची पंचाईत खरी असते. मागे भोंगा, समोर लाल दिवा, डोक्यावर कॅमेरा. ई-चलानाच्या भीतीने तो हलत नाही, आणि त्याला शिव्या घालणं सोपं आहे. पण लाल दिवा तोडून चौकात घुसणं हाही उपाय नाही. आडव्या रस्त्यावरच्या माणसाला त्याचा हिरवा दिवा दिसत असतो, तुमच्या मागची ॲम्ब्युलन्स दिसत नसते. जागा असेल तर थांबारेषेच्या आतच तिरकं होऊन बगल मोकळी करावी. पोलीस हात करत असेल तर त्याचं ऐकावं. लाल दिवा काळजीपूर्वक ओलांडायची मुभा नियमांनी ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरला दिली आहे, तुम्हाला नाही. २०१७ च्या वाहनचालन नियमांत मानाचा क्रमही लावून दिला आहे: आधी अग्निशमन दल, मग ॲम्ब्युलन्स, मग पोलीस. आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेलं कलम १९४ ई वाट न देणाऱ्याला दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंतची कैद किंवा दोन्ही सुनावू शकतं.

‘रिकामीच असेल हो, चहाला चालला असेल,’ हे वाक्य मी निरनिराळ्या तोंडांनी ऐकलं आहे. असा एखादा महाभाग असेलही. पण रिकामी ॲम्ब्युलन्स भोंगा वाजवत जाते तेव्हा ती बहुतेक कुणाला तरी आणायला निघालेली असते. आत पेशंट असलेल्या गाडीत निदान ऑक्सिजन असतो, कुणीतरी त्याच्याकडे बघत असतं. राज्यात २०१४ पासून धावणाऱ्या १०८ च्या गाडीत तर डॉक्टर असतो. जिथे ती अजून पोहोचायची आहे तिथल्या माणसाकडे यातलं काही नसतं. घाई मोजायचीच तर रिकाम्या गाडीची जास्त.

आत पेशंट असतो तेव्हाची गोष्ट एकदा नात्यातल्या एकांना घेऊन जाताना मी पाहिली आहे. मला वाटायचं की ॲम्ब्युलन्सला वेग हवा असतो. आत बसल्यावर कळलं की तिला संथपणा हवा असतो. डॉक्टर एका हाताने वरची दांडी धरून, गुडघा स्ट्रेचरला टेकवून उभा होता आणि दुसऱ्या हाताने शीर शोधत होता. सुई टेकवायची आणि ड्रायव्हरने ब्रेक मारायचा, असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा डॉक्टर कुणाला उद्देशून न बोलता एवढंच म्हणाला, ‘अरे, एकदाच सरळ जाऊ द्या.’ बाहेर काय झालं होतं ते मागच्या काचेतून दिसत होतं: दोन मोटारसायकली आणि एक पांढरी मोटार आमच्या मागे लागली होती. आम्ही फोडलेल्या वाटेने त्यांना फुकट पुढे जायचं होतं. आमचा ब्रेक लागला की त्यांचाही करकचून लागायचा. ॲम्ब्युलन्स गेल्यावर उघडलेली वाट ज्याने दिली त्याची असते. त्याला पुन्हा रांगेत यायचं असतं. आणि एका भोंग्यामागे दुसरा असू शकतो, तेव्हा बाहेर पडण्याआधी आरशात एकदा बघावं.

आगीच्या बंबाबद्दल थोडंच. (न्हाणीघरातला तांब्याचा बंबही बंबच, एक पाणी तापवतो, दुसरा फेकतो, मराठीला एक शब्द पुरला.) त्याच्या टाकीत चार-पाच हजार लिटर पाणी असलं तर ते चार-पाच टन वजन झालं, आणि ते वळणावर हेलकावतं. त्याच्या पुढे शिरून ब्रेक मारणाऱ्याला तो वाचवू शकेलच असं नाही. पण बंब रस्त्यापेक्षा गल्लीत जास्त अडतो. तिथे त्याला अडवणारा गाडी लावून वर घरी झोपलेला असतो. आणि रस्त्यावर आडवा पडलेला पाण्याचा पाइप चाकाखाली घेऊ नये. पाणी अंगात असलेला पाइप दाबला गेला, तर त्याच्या टोकाशी धुरात उभ्या असलेल्या माणसाचं पाणी तुटतं.

इथवर हलत्या मदतीबद्दल झालं. थांबलेली मदत जास्त धोक्यात असते. ५ ऑक्टोबर २०२२, दसऱ्याची पहाट. वांद्रे-वरळी सी लिंकवर एका मोटारीला अपघात झाला. मदतीला ॲम्ब्युलन्स आली, सी लिंकचे कर्मचारी आले, आणखी गाड्या थांबल्या. तेवढ्यात मागून वेगात आलेली एक मोटार त्या सगळ्यांत घुसली. पाच माणसं गेली. मदतीला धावलेले कर्मचारीही त्यांत होते.

अशा दुसऱ्या धडकेमागचं गणित निष्ठुर आहे. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास २८ मीटर. समोर काहीतरी उभं आहे हे ध्यानात येऊन पाय ब्रेकवर पोहोचेपर्यंत दीड सेकंद गेला, तर बेचाळीस मीटर मागे पडले. कोरड्या रस्त्यावर चांगले टायर आणि चांगले ब्रेक असले तरी थांबायला पुढे पंचावन्न मीटर लागतात. एकूण शंभराला तीन कमी. रात्रीच्या डिपरमध्ये तेवढं दिसत नाही. तेव्हा पुढे लुकलुकणारे दिवे दिसले की ते कसले आहेत हे कळायची वाट पाहू नये. आधी वेग उतरवावा, जमलं तर एक पदर सोडून लांबून जावं, आणि बघत बसू नये. आपल्याकडे अपघाताशी उलट्या दिशेची वाहतूकही मंदावते, कारण प्रत्येकाला डिव्हायडरपलीकडे काय झालं ते पाहायचं असतं. बघ्याच्या पुढचा ब्रेक मारतो तेव्हा बघ्याची नजर तिकडे असते.

तुमचीच गाडी बंद पडली तर? चारी इंडिकेटर लावा, गाडी जमेल तितकी डावीकडे घ्या, आणि माणसांना आधी बाहेर काढा. डाव्या दाराने. एक्स्प्रेस-वेवर कुटुंब गाडीत बसवून ठेवून स्वतः मागे उभं राहून टायर बदलणारे लोक मी पाहिले आहेत, आणि मागून ट्रक येताना दिसला की माझ्याच पोटात गोळा येतो. सगळ्यांनी कठड्याच्या पलीकडे उभं राहावं, आणि गाडीच्या पुढे नाही तर मागच्या अंगाला, म्हणजे गाडीला धडक बसली तर ती अंगावर येणार नाही. डिकीतला लाल त्रिकोण मागे नेऊन ठेवायचा तो दहा पावलांवर नाही. वरचा हिशेब पाहता महामार्गावर शंभर मीटर तरी हवेत, आणि वळण असेल तर वळणाच्या अलीकडे. त्रिकोण हातात छातीसमोर धरून, कठड्याच्या बाजूने, येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चालत जावं. पुण्या-मुंबईच्या वाटेवरचे लोक फोनवर ‘पुणे लेन’ किंवा ‘मुंबई लेन’ म्हणतात ते फार शहाणपणाचं आहे. त्यासोबत कडेच्या पाटीवरचा किलोमीटरचा आकडा सांगितला की शोधणाऱ्याची दहा मिनिटं वाचतात. ‘घाटात, धाब्याच्या पुढे’ एवढ्यावर कुणी पोहोचत नाही. राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३, ॲम्ब्युलन्ससाठी १०८, बाकी सगळ्यासाठी ११२.

दुसऱ्याचा अपघात दिसला तर थांबावं का, या प्रश्नाला आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या एकच उत्तर मिळत आलं: पोलिसांच्या लफड्यात पडू नको. ते उत्तर आता जुनं झालं आहे. ३० मार्च २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्यांना संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक सूचनांवर शिक्कामोर्तब केलं, आणि २०१९ मध्ये कलम १३४ अ ने ते कायद्यात आणलं. जखमीला दवाखान्यात पोहोचवणाऱ्यावर नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही, सद्भावनेने केलेल्या मदतीबद्दल त्याला जबाबदार धरता येत नाही. त्याला पंचवीस हजारांचं बक्षीस देणारी केंद्राची ‘राहवीर’ योजना आहे, आणि २०२५ पासून जखमीवर सात दिवसांत दीड लाखांपर्यंत विनाखर्च उपचारांची तरतूदही आहे.

पण थांबायचं ते अपघाताच्या पुढे, लांब, रस्ता सोडून. नाहीतर सी लिंकवरच्या रांगेत आणखी एक गाडी वाढते. फोन आधी करावा. वाहतं रक्त स्वच्छ फडक्याने दाबून धरावं आणि सारखं उचलून पाहू नये. माणूस श्वास घेत असेल आणि आग वा दुसरा धोका नसेल, तर त्याला ओढून बसवू नये. मानेला मार असला तर आपणच तो वाढवतो. पाणी पाजू नये, कितीही मागितलं तरी. हे शेवटचं आपल्या संस्कारांच्या विरुद्ध जातं हे मला ठाऊक आहे.

एकच अपघात असा आहे जिथे जवळ न जाणं हीच मदत. १३ जून २०२३ ला एक्स्प्रेस-वेवर कुणे गावाजवळच्या पुलावर मिथेनॉलचा टँकर पेटला. जळतं रसायन पुलावरून खालच्या रस्त्यावर सांडलं आणि खालून जाणारी माणसंही त्यात सापडली. मृतांचा आकडा चार झाला. टँकर आडवा दिसला की वाऱ्याच्या उलट अंगाला, चढाकडे, दूर व्हावं आणि तिथून फोन करावा. सांडलेलं घरी न्यायला कॅन घेऊन धावणारे लोक मी इथे मुद्दाम विचारात घेतलेले नाहीत.

त्रिकोणाबद्दल एक राहिलं. आपल्याकडच्या बहुतेक मोटारींत तो कारखान्यातून आला तसाच, प्लास्टिकच्या पिशवीत, स्टेपनीखाली पडून असतो. मी माझा पहिल्यांदा उघडला तो दिवाळीची सफाई करताना, दिवसाउजेडी, अंगणात. त्याचे पाय कसे उघडतात हे कळायला सहा मिनिटं लागली. ट्रकवाल्यांचा त्रिकोण म्हणजे रस्त्याकडेचे दगड आणि बाभळीची फांदी. ट्रक दुरुस्त होऊन निघून जातो, दगड तिथेच राहतात, आणि रात्री त्यांच्यावर एखादा दुचाकीवाला आपटतो. खंबाटकीच्या पायथ्याशी एकदा एक ट्रक चालू होऊन घरघरत असताना त्याचा क्लीनर मागे पळत गेलेला पाहिला. चुन्याने रंगवलेले पाच दगड त्याने दोन खेपांत उचलून आणले आणि केबिनमध्ये सीटखाली सरकवले. मी विचारलं, हे बरोबर घेऊन फिरता? तो म्हणाला, ‘आमचेच आहेत साहेब. इथे टाकून पुढं काय लावणार?’